देवचाराचा रोट

४ ऑगस्ट

आज डिचोलीला लेकीच्या घरी बिऱ्हाड हलवलं. बिऱ्हाड म्हणजे काय, एक पेटी, पानाचा डबा आणि ही वही. इब्रामपूरहून निघताना आभाळ भरून आलं होतं, पण जावयाने, गुरुदासने, टेम्पो थेट अंगणात आणला आणि अंगावर थेंब पडू दिला नाही. संजना दारात उभी होती. सातवा लागलाय, बदकासारखी डुलत चालते. तसं म्हटलं तर म्हणाली, बाबा, आल्या आल्या सुरू झालात का! आधी पाय धुवा.

मी शाळेत कधी धड बसलो नाही. दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षर शिकलो. म्हणून हे लिहिणं वेडंवाकडं. पण नातवंडाने कधीतरी वाचावं, आपला आजोबा भिकाजी कसा होता ते कळावं, एवढीच हौस.

घर भाड्याचं, यांनी याच मे महिन्यात घेतलेलं, पण हवेशीर. मागे मोडकी भिंत, तिच्यापलीकडे बंद पडलेला कसल्याशा रसायनांचा कारखाना. त्याच्या आवारात असं हिरवंगार रान माजलंय की डोळे निवतात.

१० ऑगस्ट

शेजारच्या विमलाबायशी ओळख झाली. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ, हाताने मोकळी. पाववाल्या पोदेराकडून स्वतःसाठी उंडे, म्हणजे कडक गोल पाव, घेते, त्यातले दोन रोज आमच्या ओट्यावर ठेवते. मी चहात उंडा बुडवून खातो म्हणून हसते. म्हणाली, भिकाजीबाब, चहा आहे की पेज?

संध्याकाळी संजनाने माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून अशी लाथ बसली की मी दचकलोच. म्हटलं, हा फुटबॉल खेळणार. ती म्हणाली, ही पण खेळू शकते हो!

१७ ऑगस्ट

चतुर्थी दहा दिवसांवर आली. गुरुदास माटोळीची चौकट पुसत होता. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर ही लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, पानं, वेली बांधतात. ती आपल्या हाताने हिंडून गोळा करायची. तिकडे गावी, पेडण्यात, माझ्या माटोळीला बघायला माणसं येत, हे सांगायला लाज कसली!

आणि इथे बघतो तर विमलाबाय माळ्यावरून प्लास्टिकची फळं काढून साबणाने धुतेय. केळी, आंबे, एक अननस. सगळ्या वाड्यावर म्हणे असंच. मी पोट धरून हसलो. विचारलं, देवाला आता काय, रबराचे मोदक? ती हसली नाही.

मी म्हटलं, भिंतीपलीकडे एवढं रान आहे, मीच आणतो सगळ्यांना. तेव्हा तिने माझा दंड धरला. तिथे देवचार आहे, पाय ठेवायचा नाही, म्हणाली. विचारत राहिलो तर तोंडच फिरवलं.

२५ ऑगस्ट

देवचाराला मी काय आज ओळखतो? सीमेचा राखणदार तो. न विचारता काही उचललं तर रागावतो, मान देऊन मागितलं तर नाही म्हणत नाही. सकाळी जाड रोट भाजून घेतला, विडीचं बंडल आणि काजूच्या दारूची बाटली घेतली आणि भिंत ओलांडली.

आत मधोमध एक उंचवटा, त्यावर गोल काठाचे तांबूस दगड वर आलेले. देवचाराची बैठक ती, दुसरं काय! दगडाच्या आडोशाला कोरड्यात रोट ठेवला, हात जोडले, लेकीच्या घरची पहिली माटोळी आहे, राजी हो, म्हटलं.

काय फळं म्हणता! उंचवट्यावर चिबडाची वेल पसरलेली, एकेक चिबूड उशीएवढं. पपनसासारखी तोरिंजनं, आंबाडे, कवंडळं. माकडाचा दात नाही, पाखराची चोच नाही. माझ्यासाठीच राखून ठेवल्यासारखी. संजनाला चिबडाचे डोहाळे लागलेत, तिची तर चैनच. हाताला जरासा गोडूस वास राहिलाय, साबणाने जात नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसला. माटोळी अशी भरली की चौकट वाकली. गुरुदासचे मित्र फोटो काढून गेले. विमलाबायचा गणपती पाच दिवसांचा, आमचा दीड. तिला कामातून डोकं वर काढायला सवड नाही. बरंच, नाहीतर देवचारावरून बोलली असती.

२९ ऑगस्ट

काल विसर्जन झालं. आज माटोळी उतरवून चिबूड कापलं. नारळाचा रस, गूळ, वेलची. गुरुदासला चिबूड आवडत नाही. मी वाटीभर खाल्लं, संजनाने तीन वाट्या. बाबा, इब्रामपूरची चव आली, म्हणाली.

३१ ऑगस्ट

मन थाऱ्यावर नाही. साली मागच्या दारी टाकल्या होत्या, त्या जशाच्या तशा आहेत. एक माशी नाही. गुळाच्या रसाची वाटी परवापासून मोरीवर राहिली, तिला मुंगी लागली नाही. विमलाबायच्या कोंबड्या सालींपर्यंत येतात, मान वाकडी करतात, परत जातात.

उरलेलं तोरिंजन झाडावर असल्यासारखं टवटवीत.

संजनाला सकाळपासून ओकाऱ्या. जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागतं म्हणाली. गुरुदास म्हणतो चतुर्थीची दगदग. असेल. माझी बोटं जड झालीत. आज सुपारी कातरताना अडकित्ता अंगठ्याला लागला, रक्त दिसलं तेव्हा कळलं.

१ सप्टेंबर

राहवेना, परत भिंतीपलीकडे गेलो.

रोट होता तिथेच. तसाच. कावळ्याने टोचला नाही, उंदराने कुरतडला नाही, बुरशीसुद्धा धरलेली नाही. बाजूला बसून राहिलो. बेडूक नाही, किडा किरकिरत नाही. एवढ्या रानात फक्त माझा श्वास.

पावसाने माती खचली होती. देवचाराचे दगड आणखी वर आलेत. हात लावला तर गंज निघाला. दगड नव्हेत. लोखंडी पिंपांचे काठ. एकाला लागून एक. फुटलेल्या पिंपातून काळसर रस झिरपतो, त्यावर मोराच्या पिसासारखे रंग —

वेलीचं मूळ त्यातच उतरलं होतं.

२ सप्टेंबर

विमलाबायला धरलं. तिच्या गणपतीचं विसर्जन परवाच झालेलं. मी चिबडाचं सांगितलं, तशी तिने मला आत ओढून दार लोटलं.

कारखाना बंद केला तेव्हा पिंपं तिथेच पुरली, म्हणाली. वाड्याने अर्ज केले. माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली, उत्तर आलं नाही. विष म्हटलं तर कुणी ऐकेना. पोरं भिंत चढून आवळे खायचीच. मग देवचार म्हणायला लागलो, तेव्हापासून कुणी फिरकत नाही.

मला ओरडली. भिकाजीबाब, देवचार म्हटल्यावर माणूस पळतो! रोट घेऊन कोण जातो?

मी जातो. आमच्या गावात सगळेच —

मग हळू आवाजात म्हणाली, तिच्या सुनेने, सिद्धीने, तिथलीच भाजी खाल्ली होती. तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच थांबलं.

संजनाला सांगायचं कसं —

३ सप्टेंबर

सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं. पोटावर हात ठेवून बसलीय. कालपासून लाथ नाही म्हणते. झोपलं असेल ना बाबा —

गुरुदासने टेम्पो काढला. उरलेलं तोरिंजन पिशवीत घेतलं, डॉक्टरला दाखवायला. अजून टवटवीत —

४ सप्टेंबर

इस्पितळ. सुया. डॉक्टरीण विचारते, पिंपांवर काय लिहिलं होतं? गंजलेलं — मी वाचलं नाही. पुड्यांचे कागद वाचणारा मी, तेवढंच वाचलं नाही —

पेन घट्ट धरलंय की सैल, बघावं लागतं —

५ सप्टेंबर

ठोके बघायचं यंत्र कालपासून बंद, दुसरं आणायला गेलेत. गुरुदास बाहेर.

संजनाचंच अंग बधिर, तिला आतलं कळत नाही. माझा हात ओढून पोटावर ठेवला, त्या दिवशीसारखा. बाबा, तुम्ही सांगा. हललं?

बोटांना काही — चादर की तिची कातडी, तेही —

दुसरा हात ठेवला. तोही —

वर बघायला नको म्हणून हे लिहितोय, ती माझ्या तोंडाकडे बघते. परत विचारते. बाबा, हललं ना? मी काय — हललं म्हणू की —