त्या मुलीला दिलेला आवाज

आई,

शुक्रवारी दुपारी मी तुझा आवाज ओळखला, आणि विचारल्यावर ओळखत नाही असं सांगितलं. तीस वर्षं वर्गात मुलांच्या खोट्यावर टेबलाला पट्टी आपटणारी मी सात माणसांसमोर सरळ खोटं बोलले. म्हणून लिहायला बसले आहे. तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. पण नुसतं मनात ठेवलं तर दोन दिवसांत मी ते माझ्या सोयीचं करून टाकीन, आणि मी ते करते हे तुला माहीत आहे.

नोकरी संपल्यापासून मी इथेच बहारीनमध्ये, जुफैरला लेकीकडे असते. ईसा टाउनला गणित शिकवत होते तोवर सकाळी पाचला उठायची सवय होती, ती अजून गेलेली नाही; बाकी दिवसभर मी तिच्या घराला शिस्त लावते आणि ती मला सहन करते. तिला आणि तिच्या बँकेतल्या मंडळींना हल्ली एक नवा नाद लागला आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, नशेविरुद्ध इशारा देणारे परदेशी चित्रपट जमवायचे आणि सुट्टीच्या दुपारी एकत्र बसून त्यांना हसायचं. त्यांच्यातल्या एकीचे वडील मूळचे रत्नागिरीकडचे. मनामामध्ये त्यांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. दुकान कधीच बंद झालं, पण सनद भागातल्या घरात त्यांनी दोन खोल्या भरून कॅसेट ठेवल्या आहेत, आणि चालू स्थितीतला व्हीसीआर आता त्यांच्याशिवाय कुणाकडे नसेल. शुक्रवारी तो व्हीसीआर मांडीवर घेऊन, पंचाहत्तर वर्षांचे ते गृहस्थ मुलीच्या गाडीतून आले. बिर्याणी झाली, पडदे ओढले, आणि लेकीच्या मंडळींनी कॅसेट लावली.

चित्रपट काळापांढरा, हिंदीत डब केलेला. सुरुवातीला पांढऱ्या कोटातला एक डॉक्टर टेबलामागून आपल्याकडे बोट रोखून सांगतो की तुमच्याही घरात हे घडू शकतं. मग एक सोनेरी केसांची मुलगी कॉलेजच्या पार्टीला जाते, कुणीतरी सिगारेट पुढे करतो, ती एकच झुरका घेते आणि हसत सुटते. पुढच्या तासाभरात नाच, मारामारी, फाटलेला फ्रॉक, गच्चीचा कठडा आणि शेवटी न्यायाधीशाचं भाषण. त्या काळाचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. मुलींना वाचवायचं म्हणून चित्रपट काढायचा, आणि दीड तास कॅमेरा त्या मुलीच्या खांद्यावरून घसरलेल्या पट्टीवरच ठेवायचा. आपल्याकडे जाहिरातीत ‘आपल्या मुलींना अवश्य दाखवा’ असं छापत, खाली ‘फक्त प्रौढांसाठी’, आणि सकाळच्या खेळाला येणाऱ्यांत एकही मुलगी नसे. माझी लेक आणि तिची मंडळी हसून लोळत होती. मी मात्र पार्टी सुरू झाली तेव्हाच ताठ बसले. कारण त्या मुलीचं ते हसणं मी आधी ऐकलेलं होतं, माहीमच्या स्टुडिओत, अकराव्या वर्षी, तुझ्या पायांशी स्टुलावर बसून.

बाबा गेल्यावर तू ‘रेकॉर्डिंगला’ जायला लागलीस. नातेवाइकांना वाटायचं सरकारी माहितीपट असतील, आणि तू त्यांचा गैरसमज दूर केला नाहीस. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून मला सोबत नेलंस. आत तू चपला काढतेस, बांगड्या वाजू नयेत म्हणून उतरवून रुमालात बांधतेस, आणि माइकसमोर उभी राहतेस. समोर पडद्यावर चित्रपटाचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो. ती मुलगी झुरका घेते, मान मागे टाकते, आणि तू हसतेस. आई, मी तुला तशी हसताना कधीच पाहिलं नव्हतं. पोटातून, मान टाकून, कुणाची पर्वा नसल्यासारखी. काचेपलीकडचे साहेब म्हणाले, “बहुत अच्छे बाई, एक बार और.” तू आठ वेळा हसलीस आणि आठही वेळा खरं वाटलं. नवव्या वेळेला मला गरगरलं, अंग तापलं होतं. कामात खंड नको म्हणून तू मला स्टुडिओतल्या एका माणसाबरोबर टॅक्सीने घरी धाडलंस, शेजारच्या काकूंकडे.

तो मुदतीचा ताप निघाला. चित्रपटाची प्रत परत करायची होती म्हणून तुला काम टाळता आलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. काकू मला पेज भरवायच्या. तू संध्याकाळी यायचीस ती घसा बसवूनच. दिवसभर त्या मुलीसाठी किंचाळून, रडून, विनवण्या करून तुझ्याकडे आवाज उरलेला नसायचा. घसा जपायचा म्हणून तू माझ्या शाळेच्या पाटीवर लिहून बोलायचीस. ‘ताप किती?’ मी सांगायची, एकशे दोन. तू पुसून लिहायचीस, ‘औषध घेतलंस?’ एरवीही तसंच होतं. ‘आमटी गरम कर.’ ‘वेणी घाल.’ माझं बालपण तुझ्या खडूच्या अक्षरात गेलं. बरी झाल्यावर एकदा स्वयंपाकघरात मी तुझ्यासारखं मान टाकून हसून दाखवलं. तू पोळी लाटत होतीस. लाटणं खाली ठेवलंस, आणि त्या दिवशी घसा बरा असूनही एवढंच म्हणालीस, “ते कामाचं आहे. घरात आणायचं नाही.” मी परत आणलं नाही. तू म्हणायचीस की मी हट्टी आहे. मी आज्ञाधारक होते, ते तुला कळलं नाही.

तर शुक्रवारी मी हे सगळं आठवत बसले आहे आणि पडद्यावर मुलगी इस्पितळात पोचली आहे. तिची म्हातारी आई पलंगाशी वाकते. पैसे वाचवायला दोघींचे आवाज तुझ्याकडूनच करून घेतलेले दिसले. आई ठरलेलं बोलते, बेटी आँखें खोलो वगैरे. वाक्य संपतं, पण त्या बाईचे ओठ हलतच राहतात. अशा वेळी काय करायचं ते तूच मला एकदा सांगितलं होतंस. तोंड चालू राहिलं की पदरचं काहीतरी भरायचं. तू भरलंस. “उतर गया, उतर गया बुखार मेरी छकुली का. अब उठके पेज पिएगी ना? मीठ डाला है, थोडंसं.”

खोलीत हशा फुटला. एकजण खुर्चीवरून खाली आला. “ड्रग ओव्हरडोज में बुखार?” “ये पेज क्या चीज है यार?” “रिवाइंड, रिवाइंड!” माझी लेक डोळे पुसत म्हणाली, “दिस इज द बेस्ट वन.” पुन्हा लावलं, पुन्हा हसले. मीठ आलं की सगळे एका सुरात ओरडायला लागले, “थोडंसं!”

हसले नाहीत ते फक्त कॅसेटवाले. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि चित्र थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “टीचर, ही पोरा हसतंत. पन माज्या दुकानात हीच कॅसेट सगल्यात जास्त जायाची, तुमाला म्हायती हाय? चित्रासाठी नाय. कोकनातली मानसा, लेबर कॅम्पात र्‍हानारी, दोन-दोन वर्सा घरी गेली नाय. ती येऊन सांगायची, चाचा, ती पेजवाली द्या. हितपर्यंत पुढं पलवायची, येवढाच ऐकायची, नि परत आनून द्यायची. येक तर रमजानात ऐकून माज्या समोर बसून रडला.” मग त्यांनी विचारलं, “आपल्याकडचीच कोनतरी बाई हाय ही. तुमी मुंबयच्या, शिकलेल्या. वलखता काय? नाव कळला तर दुआ तरी करीन.”

आणि मी म्हणाले, “नाही. मला काय माहीत?”

लाज वाटली म्हणून नाही. तसं असतं तर सोपं होतं. मला हेवा वाटला, आई, या वयात. मी लग्न होऊन बहारीनला आले तेव्हा ते दुकान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. मी त्यावरून भाजी घेऊन जायची. तू महिन्यातून एकदा फोनवर यायचीस आणि म्हणायचीस, “बरी आहेस ना? ठेव आता, बिल होतं.” आणि दहा मिनिटांवर परक्या माणसांच्या खोल्यांतून तू छकुली म्हणत होतीस, पेज पी म्हणत होतीस, जितक्या वेळा मागे फिरवलं तितक्या वेळा. त्या सोनेरी केसांच्या मुलीला तर ती भाषाही येत नसेल. तिला तू हसणं दिलंस, रडणं दिलंस, वर माझा ताप दिलास. तो माझा होता. एकशे दोन होता. त्या आठवड्यात काकूंकडच्या खाटेवर मी पडले होते, आणि मला तू एकदाही छकुली म्हटलं नाहीस.

मला कळतं, मी मूर्ख नाही. तू तिथे उभी राहून माझ्याशीच बोलत होतीस हे मला पहिल्या वेळेलाच कळलं. पण तेवढ्याने हेवा कमी होत नाही. माझ्यासाठी बोललेलं सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून.

शनिवारी सकाळी मी लेकीला म्हटलं, मला सनदला सोड. गाडीत तिला सांगितलं. आजी डबिंग करायची, कालचा आवाज तिचा. तिने सिग्नलला गाडी थांबवली आणि माझ्याकडे वळून बघितलं. “मम्मी, यू लाइड? यू?” मग मराठीत, जे ती फारसं बोलत नाही, “आणि आम्ही हसलो. तू मला थांबवलं का नाहीस?” मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तिने गाडी पुढे काढली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “आजीचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता, ना?” तू गेलीस तेव्हा ती सात महिन्यांची होती, तुला फक्त फोटोत ओळखते. तिला तू अशी मिळालीस, नुसता आवाज, पाटीशिवाय. त्याचाही मला थोडा रागच आला, आणि तो मी गिळला.

कॅसेटवाले दारात उभे होते. मी बसले नाही. सरळ म्हटलं, “काल मी खोटं बोलले. ती माझी आई.” त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. “सुभानल्ला,” म्हणाले. मी पर्समधून तुझ्या नावाचा कागद काढून दिला, चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि कुराणाच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवला. मग हळूच, लहान मुलासारखं विचारलं, “टीचर, घरात पन ती अशीच बोलायची काय?”

माझी लेक माझ्याकडे बघत होती.

“हो,” मी म्हणाले. “रोज.”

सनद, शनिवार सकाळ. दिलं ते असं: कागद एक, त्यावर देवनागरीत तुझं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं, गावासकट. फोटो मागितला, तो दिला नाही. आणि वरचं उत्तर दिलं, जे खरं नव्हतं. कॅम्पातल्या त्या माणसांना तुझ्याकडून माझ्यापेक्षा जास्त मिळालं, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.