गवताखालची रांग

प्रिय ताते, माझे बाबा,

आपण जिंकलो! आपल्या जुन्या ज्यू दफनभूमीच्या कडेला इमारत बांधू पाहणारा बिल्डर नगरसभेत खेकसला, "बाई, लिंडनच्या झाडापुढं कबरी नव्हत्याच. नुसतं गवत आहे!"

मी म्हटलं, "मग बघू या की साहेब! गवताला काय घाबरता?"

आपण कोहेन, पुरोहितांचं घराणं. दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही. म्हणून तर आपली माणसं कडेच्या रांगेत पुरायची, रस्त्यावरून कबर दिसावी म्हणून. युद्धात दगड उलथले, रांग गवताखाली गेली. तरी दर वर्षी तुम्ही रस्त्यापलीकडच्या बेकरीच्या भिंतीशी उभे राहून त्या गवतासमोर प्रार्थना म्हणायचात. आणि मी मैत्रिणींना सांगायची, "हे माझे कोणी नाहीत." बाकी सारं मी सभेत सांगितलं, एवढं मात्र बोलले नाही.

काल सभेच्या माणसांनी त्या भिंतीसमोरच्या गवतात वीतभर माती सरकवली. कोहेनांच्या आशीर्वादाचे दोन कोरीव हात वर आले, खाली आजोबांचं नाव: फायवेल. आज सभेनं बांधकाम रद्द केलं!

तुमच्या पत्त्यावर आता टपाल जात नाही. संध्याकाळी मीच भिंतीशी उभी राहिले. बेकरीतल्या पोरी हसल्या, "मावशी, कुणाशी बोलता?"

मी रस्ताभर ऐकू जाईल असं ओरडले, "आजोबांशी! आणि इथं उभे राहायचे ते माझे वडील!"

तुमचीच,
गित्ला