हवेला कुलूप

३ जून, बदनापूर

वसंता, फार उशिरा लिहितोय, राग मानू नको. वडीगोद्री सोडून महिना झाला. रोज लिहीन म्हणालो आणि वही आज उघडली. भरली की सुमितजवळ देईन, तो तुला पोचवील.

लेकाचं घर झकास आहे. खाली बैठक, वर माझी खोली, खिडकीतून रेल्वे दिसते. सुमित सकाळच्या गाडीनं जालन्याला जातो, सूनबाई मोनाली कृषी संशोधन केंद्रात. पाचपर्यंत मी एकटा. गॅस बंद आहे का, हे चारदा बघतो. घरात टॉवर बिलकुल मिळत न्हाई, म्हणून सुमितनं वायफायचे तीन डबे लावलेत. फाटकाजवळ आपलं गावचं जुनं राउटर, बैठकीत एक आणि माझ्या उशाशी एक. फोन त्यावरूनच लागतात. कोण कोणत्या डब्याजवळ आलं, ते माझ्या मोबाइलवर नावानिशी दिसतं. मोनाली फाटकात आली की मी वरूनच हाक मारतो. ती म्हणते, मामंजी, तुम्ही तर चौकीच उघडली!

९ जून

दुपारी दोनला फाटकाच्या डब्यावर नाव आलं. भुजंग.

सुमित म्हणाला, बाबा, राउटर जुनं आहे, जुनी नावं राहिली असतील. बराबर असेल. पण जुन्या नावापुढचा ठिपका करडा असतो. हा हिरवा होता, चालू फोनाचा.

१० जून

तुला सांगितलं न्हाई ते आज लिहितो.

भुजंग माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. गल्लीत टॉवर नव्हता, म्हणून सुमितनं त्याला आमचं वायफाय जोडून दिल्तं. मला ते खुपायचं, बोलूनही दाखवायचो. एकदा हॉटेलात चार माणसांत तो मला म्हणाला, "काय राम्या, हवेला बी कुलूप लावतो का?" तूही हसलास, वसंता. घरी आलो आणि यादीतलं त्याचं नाव दाबून ब्लॉक केलं.

तिसऱ्या दिवशी तो गेला. बायको सत्यशीला शेतात गेल्ती. तो आमच्या भिंतीला टेकलेला सापडला, फोन हातात. झटका आला, म्हणाले सगळे. मी राउटरची नोंद पाहिली. दोन ते पावणेतीन, एक्केचाळीस वेळा त्याच्या फोनानं जोडायचा प्रयत्न केल्ता. मी भिंतीच्या अलीकडे घोरत पडलो होतो.

फोन कुणीतरी त्याच्या खिशात घातला. सरणावर फुटला, तेव्हा तू म्हणालास, लाकूड फुटलं.

१२ जून

दोन वाजले. भुजंग बैठकीच्या डब्यावर. ब्लॉक केलं. नाव गेलं. पाच मिनिटांत परत आलं, हिरवं.

खाली उतरून पाहिलं. कुणी न्हाई. भिंतीजवळची फरशी गरम. जळक्या लाकडाचा वास.

१५ जून

रविवार. सुमितनं जुनं राउटर काढून भंगारात दिलं. म्हणाला, आता निवांत झोपा. मोनाली म्हणते, डॉक्टरला दाखवू. मी खुळा झालो असेन तर बरंच आहे.

१६ जून

राउटर न्हाई, तरी — माझ्या उशाच्या डब्यावर दोन फोन. एक माझा.

हात जोडले. अनब्लॉक केलं. म्हटलं, भुजंगा, वापर बाबा, कुलूप काढलं. हवं तेवढं वापर —

त्याचं नाव हिरवंच राहिलं. माझं लाल झालं. रामकिसन. ब्लॉक.

दोन वाजून दहा

छातीत — डावा हात जड. मोनालीला लावला, लागत न्हाई. सुमितला, न्हाई. जिना उतरवत न्हाई. हाक मारतो तर आवाजच —

सव्वीस वेळा.

भिंतीपलीकडे खोली न्हाई, वसंता. नुसती गच्ची, ऊन. तिथं कुणीतरी निवांत घोरून राह्यलंय.

अडतीस.

सत्यशीलाकडे जा. सांग, ब्लॉक मीच केल्तं. ती माफ म्हणाली का, एवढंच कळव. फोनवर नको, लागणार न्हाई. माणूस पाठव. जल्दी —

चाळीस

घोरणं थांबलं. तो उठून —