चौदा नंबरची अळंबी

४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रंगखात्यातून सुटलो की मी नि तुझी वहिनी कारखान्यामागच्या जंगलात फिरायला जातो. तिथं कुजक्या पानांत नखाएवढ्या अळंब्या उगवल्यात, इतक्या झगझगीत की वहिनी जागची हलेना. खाता येतील का, तुला विचार म्हणते. मला अळंबी पाहूनच शिसारी येते, पण तिच्यापुढे माझं काय चालतंय! रंग हुबेहूब कापडाच्या नमुनापट्टीतला चौदा नंबर. तू प्रयोगशाळेतली पंडित, तूच सांग.

माया असू दे.
दादा

९ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न.

आपल्या घरात रंगाला नाव नसतंच, आकडा असतो. बाबा तिथं कामाला होते तेव्हाची नमुनापट्टी काढली. चौदा म्हणजे लालभडक. त्या रंगाची एवढीशी अळंबी निरुपद्रवी. वहिनीला म्हणावं, खुशाल खा, नि दादालाही एक घास बळेच भरव. तरी एक वाळवून पाकिटातून धाड.

दोघांचा जीव असाच माझ्यावर राहू दे.
धाकटी

१७ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वहिनीनं दोनदा भाजी केली, वाडगा चाटूनपुसून खाल्ला. मी शिवलोसुद्धा नाही. दोन दिवस तिला तहान फार लागते, कंबर धरलीय. उन्हाचं असेल. सोबत अळंबी आहे. गेल्या वर्षी कारखान्यानं नवी पट्टी काढली, तिच्याशी लावून पाहिली. चौदा, तंतोतंत.

तुझाच,
दादा

२० ऑगस्ट

दादा,

तार केली आहे, तरी लिहिते. पाकिटातली अळंबी गंजासारखी नारिंगी आहे. पट्टी बदललेली मला ठाऊक नव्हती, मी विचारलंही नाही. ही विषारी आहे. हिचं विष तीन-चार दिवस, कधी पंधरवडाही गप्प बसतं नि मूत्रपिंडं निकामी करतं. ती तहान उन्हाची नाही. वहिनीला असेल तशी मोठ्या दवाखान्यात ने, ही पत्रं डॉक्टरांना दाखव.

अळंबी चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय मी परक्याला कधी होकार देत नाही. घरच्यांना दिला. रजा मिळताच निघते.

धाकटी

४ सप्टेंबर

चि. धाकटीस,

तुझी वहिनी सोमवारी सकाळी गेली.

तार आली त्याच दिवशी तिला नेलं होतं. शुद्ध होती तोवर मला बजावत होती, धाकटीला बोल लावायचा नाही. डॉक्टरांना तार दाखवली, पत्रं दाखवली नाहीत. खायला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कोणी नाही, तिनंच हट्टानं खाल्ली. तिच्या माहेरीही तेच सांगितलं. तिची आई म्हणाली, लहानपणापासून अशीच हट्टी. मी मान डोलावली.

तुझ्यावर राग नाही, असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. लोभ आहे, तो राहील. तू मात्र इतक्यात येऊ नकोस.

दादा