मागून भरायची बंदूक

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. बाबा तर जरा जास्तच धडधाकट आहेत आणि त्यांच्यापायी मला वेड लागायचंच बाकी राहिलंय.

संग्रहालयातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी शस्त्रदालन आपल्याच मालकीचं असल्यासारखे ते रोज तिथे जाऊन बसतात, हे तुला माहीत आहे. आता त्यांनी त्या मागून भरायच्या बंदुकीचं खूळ घेतलंय. आठवते ना? कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटातली, आखूड आणि बेढब. त्या काळी सगळे नळीच्या तोंडातून दारू ठासायचे. हिच्या कारागिराने मात्र दारू भरलेला लोखंडी पेला मागून बसवून वर पाचर ठोकायची युक्ती काढली. युक्ती झकास होती, पण पेल्याच्या फटीतून आग मागे यायची आणि बार काढणाऱ्याच्याच भुवया जळायच्या. लहानपणी तू त्या भुवयांवर पोट धरून हसायचास. कपाटातल्या पाटीवर बाबांनीच आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'फसलेला नमुना'.

तर ती पाटी त्यांनी काढून घरी आणली. संचालकबाई बिचाऱ्या सालस. म्हणाल्या, नवी लिहून द्या, लावते. झालं! तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना बंदूक, दात घासताना बंदूक. पुढे धातूचं काडतूस आलं, फट बुजली आणि मग सगळेच मागून भरायला लागले, हे मी आता झोपेतही म्हणून दाखवीन. मी लिहिलेला मजकूर त्यांना कोरडा वाटतो, संचालकबाईंचा पुस्तकी, आणि स्वतः लिहायला घेतलं की चष्मा काढून नुसते बसून राहतात. आईने ऐकू न येण्याचं सोंग घेतलंय. मला तेही जमत नाही.

सुरुवात झाली ती पंपापासून. आमच्या इमारतीत पाण्याचा नवा पंप आला. बसवणारा हात धुवायला गेला, तेवढ्यात बाबांनी पाना घेऊन तो उघडला. सगळ्या मजल्यांचं पाणी बंद, शेजारी जिन्यात जमलेले, मी प्रत्येकाची माफी मागतेय आणि हे आपले मागचा जोड बोटाने चाचपताहेत. त्यावर तुझ्या कारखान्याचं नाव होतं. आणि जोड तोच, जुन्या घराच्या अंगणात तू केलेल्या पहिल्या पंपाचा, ज्याने पाहुण्यांच्या अंगावर मागून फवारा उडवला होता. आता मात्र तो गळत नव्हता.

त्या दिवशी बाबा पाहुण्यांना काय म्हणाले, ते तू विसरला नसशील. पाटीवरचेच दोन शब्द, आणि हात तुझ्या खांद्यावर. ते पंपाला म्हणाले की तुला, यावर आईने आणि मी पुष्कळ डोकेफोड केली. तू विचारायला थांबला नाहीस आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं तुझी खुशाली मी त्यांना सांगायची आणि त्यांची तुला. दोघंही एकापेक्षा एक नमुने आहात, आणि मधल्यामध्ये मी.

काल शेवटी मी भडकले. म्हटलं, बाबा, दोन ओळींची पाटी, एकदाची लिहून टाका. लोक त्या बंदुकीसमोर उभे राहून रखवालदाराला भंडावून सोडतात. तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी चुकीचं लिहिलं होतं." मग म्हणाले, "बोललोही चुकीचं. पाटी त्याला विचारूनच लावू. तो येईल का, बघ."

म्हणून हे पत्र. त्या बंदुकीचं मला काडीचंही पडलेलं नाही, पण तू ये. आणि येताना पाना घेऊन ये. तुझा पंप बाबांनी स्वतःच्या हाताने परत जोडलाय. तो मागून गळतोय, आणि ते दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नाहीत.

तुझीच,
बादल्या वाहून वाहून दमलेली ताई