सायरस आमच्या स्वयंपाकघरात

४ डिसेंबर
बाबांनी लग्न केलं! रजिस्टर, सह्या, येताना चारोटीला जेवण. मला आधी विचारलं होतं, मीच ‘करा’ म्हटलं होतं. मग आज घास का उतरेना?
बाबांची नवी बायको, सरलामावशी, आगर गावच्या. बाई शांत आहे. आईच्या फोटोकडे बराच वेळ बघत होत्या.

६ डिसेंबर
तलासरीच्या शाळेत नववीच्या पोरांना सायरस शिकवला. इराणच्या या राजाने बाबिलोन शहर न लढता घेतलं आणि मातीच्या दंडगोल नळ्यावर कोरून ठेवलं — लोकांचे चेहरे उजळले, आधीचा राजा नबोनिडस देवांची पूजा बिघडवणारा!
रूपी म्हणाली, “मॅडम, त्या नबोनिडसला कोनी इचारला का?”
नबोनिडसचे स्वतःचे लेख तर सांगतात, ‘मी पडकी देवळं बांधली.’ कोण खरं? तास संपला म्हणून सुटले.

७ डिसेंबर
घरीही सायरसच! भांडण नाही, तंटा नाही, आणि स्वयंपाकघर मावशींच्या हाती गेलं. आईचे डबे खालच्या फळीवर. बाबांचा चेहरा उजळलाय. चिडायला निमित्त मिळत नाही, याचाच जास्त राग येतो.

१० डिसेंबर
मिळालं निमित्त! मावशींनी देवघरातले देव हलवले. आईने मांडले होते तसे नाहीत आता.
ओरडले मी. “आईचं काहीतरी जागेवर राहू द्या!”
“घासले ग पोरी. काले पडलेले.” एवढंच.
बाबा पेपरात तोंड खुपसून. आईच्या बाजूने या घरात मी एकटी.

११ डिसेंबर
नळ्यावरचा मजकूर पुन्हा वाचला. बाबिलोनच्या बांधकामात सायरसला एक जुना लेख सापडला, शंभरेक वर्षांपूर्वीच्या अश्शूरबानिपाल राजाचा. ते नाव त्याने आपल्या नळ्यावर लिहून घेतलं. नबोनिडसला शिव्या आणि याला मान? जिंकणाऱ्याला कशाला हवं दुसऱ्याचं नाव?

१३ डिसेंबर
अबोला. आमटी मात्र छान झाली होती. हेही लिहायलाच हवं.

१५ डिसेंबर
मावशी खोबरं खवत होत्या, पदर सरकला. मंगळसूत्राखाली काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक, त्यावर बाई कोरलेली.
“ही कोण?”
“तुजी आई. बिजवराच्या घरात आलेली बाय मेलेल्या सवतीला गल्यात घालते. पयला घास तिला दाखवते, मंग मी जेवते.”
मी वाकून नमस्कार केला. दोघींपैकी कुणाला, मलाच कळलं नाही.