दाराला चिकटवलेल्या पत्रिका

पुणे, ६ नोव्हेंबर २०१७

ती. संगिताताईस, सा. न. वि. वि.

आज मी आमच्या विधी महाविद्यालयाची डीन झाले. खुर्ची इतकी उंच की पाय टेकत नाहीत, हसू नकोस. २६ तारखेला वेवजीच्या शाळेत वनजमिनीच्या दाव्यांविषयी बोलायला येते आहे. साठ पत्रिका धाडल्यात, पाड्यांवर पोचव. आपली माणसं समोर नसतील तर या खुर्चीला अर्थ नाही. आईच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना?

लोभ आहेच, तो असाच राहो.
सुषमा

वेवजी, १५ नोव्हेंबर

चि. सुषमास, अ. आ.

पत्रिका पोचल्या. आई आल्यागेल्याला तुझा फोटो दाखवते, चहा मी करते. रखमीकाकूनं विचारलं, धाकटी एवढी झाली, थोरलीनं काय केलं? म्हटलं, चहा. तेल रोज लावते. तुला तेल पत्र लिहितानाच आठवतं, माझ्या हाताचा वास जात नाही.

आशीर्वाद नेहमीचेच.
संगिता

पुणे, ३० नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न.

सभेला नऊ माणसं होती, त्यांतले सहा शिक्षक. शुक्रीआत्या परतताना बसथांब्यावर भेटली. म्हणाली, कागद दाराला होता, पण सांगायला कोणी आलंच नाही. ताई, तू एकाही दारात थांबली नाहीस?

सुषमा

वेवजी, ४ डिसेंबर

चि. सुषमास,

नाही थांबले. माणसं भात झोडायला गेलेली असताना साठही पत्रिका खळ लावून चिकटवल्या. कागदाच्या बोलावण्याला आपल्याकडे कुणी जात नाही, हे ठाऊक होतं. दाराला कागद लावला की कायद्यानं नोटीस बजावली, असं कलम आहे, अशी मनाची समजूत घातली. ते कलम ज्या पुस्तकात वाचलं, ते तुझ्याकडेच आहे. आईनं अंथरूण धरलं म्हणून मी दुसऱ्या वर्षाला कायद्याचं कॉलेज सोडलं, आणि तू त्या पुस्तकावरच्या माझ्या नावावर कागदाची पट्टी डकवून वर तुझं लिहिलंस. तुझ्या प्रत्येक बढतीला मला ती पट्टीच दिसते. रागाव हवं तर. आईला सांगू नकोस.

संगिता

पुणे, ११ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

माणूस शोधूनही घरी सापडला नाही, तरच नोटीस दाराला लावतात, हे मी वीस वर्षं शिकवते. तू चुकलीस. पण वेवजीत जन्मून मी पत्रिका छापत बसले, दारात गेले नाही, मीही नापासच. काल ती पट्टी भिजवून काढली. खालचं नाव अजून स्पष्ट आहे. जानेवारीत पुन्हा सभा ठरवते. दोन दिवस आधी येईन, दारोदार जाऊ.

रागावले आहे, तरी तुझीच,
सुषमा

वेवजी, १८ डिसेंबर

चि. सुषमास, अ. आ.

ये. पुस्तक घेऊन ये. दारात मात्र मी बोलेन, तू मागे उभं राहायचं.

तुझी थोरली,
संगिता